मागचं उजवं चाक

काशिरामनं घण खाली ठेवला आणि ड्रमवर तळहात टेकवला. तासभर ठोकूनही मागचा एक्सल केसभर सरकला नव्हता. जुनी फियाट मागून घोडीवर उचललेली होती. डावं चाक एका बोटानं फिरत होतं, उजवं मात्र जाम. काल त्यानं डिझेल सोडून ठेवलं होतं. आज पुलर लावून ओढलं, तर पुलरचाच दात मोडला.

वडाळे तळ्यामागचा हा बैठा बंगला आठवड्याभरात पाडायचा होता. पद्मजाबाई लेकीकडे डोंबिवलीला निघाल्या होत्या. सामान गेलं होतं, राहिली होती ही गाडी. त्यांचे यजमान न्हावा शेवाला कचेरीत होते. अकरा वर्षांपूर्वी कामावरच छातीत कळ येऊन गेले. गाडी कुणीतरी घरी आणून लावली, तेव्हापासून ती अंगणातच होती. काशिराम तिला पळस्प्याला आपल्या गॅरेजवर नेऊन पुन्हा चालती करणार होता. पण चाक फिरल्याशिवाय ती फाटकाबाहेर निघणार नव्हती.

तो गाडीखाली शिरला आणि पटाशीनं गंज खरवडू लागला. गंजाखाली बोटांना गुळगुळीत उंचवटा लागला. थोड्या अंतरावर दुसरा. ड्रम आणि मागचा पत्रा चार ठिकाणी एकमेकांना जोडलेले होते.

बाहेर येऊन त्यानं हात पुसले. पद्मजाबाई पायरीवर बसल्या होत्या.

"ताई, यो चाक गंजून नाय बसलेला. कोनीतरी वेल्डिंग मारलाय."

"मीच मारून घेतलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. हे गेल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की रोज सकाळी गाडी वीतभर पुढं आलेली असते, फाटकाच्या दिशेनं. हँडब्रेक ओढलेलाच असे. आधी त्यांना वाटलं, उतार असेल. म्हणून अंगणात बादलीभर पाणी ओतून पाहिलं, तर ते मागं विहिरीकडे वाहत गेलं. महिन्याभरात बंपर फाटकाला टेकला. त्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्यांकडून गाडी मागं ढकलून घेतली आणि बाजारातून वेल्डरला बोलावलं. त्याला काय कारण दिलं, ते आता आठवत नव्हतं.

"ह्यांचं तेवढंच राहिलं होतं घरात," त्या म्हणाल्या. "तेही निघालं होतं."

काशिराम खाली मान घालून पान्यावरचं ग्रीस पुसत होता.

"आता मीच निघालेय. मोकळं करा."

त्यानं ग्राइंडर लावला. वेल्डिंगचा एकेक टाका ठिणग्या उडवत कापला गेला. चौथा सुटल्यावर त्यानं दुसरा पुलर उचलला, पण तो लागलाच नाही. एक्सल सावकाश सरकत आपणहून त्याच्या हातांत आला. अकरा वर्षांत त्यावर गंजाचा ठिपकाही पडला नव्हता. काशिरामनं तो उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिला. तरी त्यानं नवं बेअरिंग घातलं, एक्सल परत बसवला आणि चाक लावून गाडी जमिनीवर घेतली. निघताना तो चाकाला दगड लावायला वाकला.

"नको," पद्मजाबाई म्हणाल्या. फाटकही त्यांनी उघडंच ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काशिराम दोस्त जगनला त्याच्या जीपसकट घेऊन आला. गाडी होती तिथंच होती. पद्मजाबाई बाहेर जायची साडी नेसून पायरीवर बसल्या होत्या. चेहरा ओढलेला दिसत होता.

"हलली नाही," त्या म्हणाल्या. कुणाची तरी तक्रार करावी, तसं.

काशिरामनं जीपला दोर बांधला. जगननं जीपमधूनच ओरडून सांगितलं, की स्टेअरिंगवर कुणीतरी बसा, नायतर वळणावर गाडी भिंतीत जाईल. काशिरामनं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. तोवर पद्मजाबाई पिशवी घेऊन पायरीवरून उतरल्या आणि पलीकडच्या दारानं आत, डाव्या सीटवर बसल्या. पदरानं त्यांनी समोरची काच पुसली.

"काशिराम, तिथं नका बसू."

तो दार धरून उभा राहिला. जगननं हॉर्न दिला. मग काशिरामनं, आत बसलेल्याचा शर्ट अडकू नये इतक्या जपून, दार लावलं आणि तो जीपमध्ये जगनशेजारी जाऊन बसला.

दोर ताणला गेला. फियाट आवाज न करता फाटकाबाहेर आली. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे काटकोनात वळायचं होतं. काशिराम मागं वळून बघत होता. वळणापाशी फियाटची पुढची चाकं वळली, आणि भिंतीपासून हातभर अंतर राखून गाडी अलगद रस्त्याला लागली. पद्मजाबाई उजवीकडे तोंड करून काहीतरी सांगत होत्या.

जगननं आरशात पाहिलं.

"बाय गाडी बरी चालवते," तो म्हणाला.

"हां," काशिराम म्हणाला, आणि पुढं बघू लागला.