उजव्या नाकातली नथ

अंबरनाथच्या कारखान्यांतल्या साहेबलोकांनी फोटोग्राफीचा क्लब काढला, त्यात सुनेत्राला घेतलं ते तिच्या फोटोंसाठी नव्हे. ती रंगांच्या एका कंपनीत केमिस्ट होती आणि बदलापूरच्या घरी न्हाणीघराची खिडकी काळ्या कागदाने बंद करून स्वतः फोटो धुवायची. बाकीच्यांकडे जपानी कॅमेरे होते, अंगभर खिसे असलेली जाकिटं होती. डेव्हलपरात बोटं बुडवायची तयारी मात्र एकाचीही नव्हती.

एकोणनव्वद सालच्या प्रदर्शनासाठी विषय ठरला, कोळीवाड्याचं निसर्गसौंदर्य. क्लबचे अध्यक्ष गुरुदत्त पाटकर सगळ्यांना कंपनीच्या बसमधून अलिबागकडच्या एका कोळीवाड्यात घेऊन गेले. बसमधून उतरल्या उतरल्या साहेबांना निसर्ग नापसंत पडला. निळं प्लॅस्टिक मधे येत होतं, वाळूत माशांची मुंडकी पडली होती, होडीवर पांढऱ्या रंगात नंबर होता. एकाच्या हातात खराटा दिला गेला, नंबरावर जुनं जाळं टाकलं गेलं. होडीची मालकीण भागीरथी तिथेच बसून मासे कापत होती. तिला कोयता बाजूला ठेवून होडीला टेकायला आणि समुद्राकडे बघायला सांगण्यात आलं. मग पाटकरसाहेबांनी खिशातून चापाची नथ काढली.

"म्हावरं कापताना नथ कोन घालतं?" भागीरथीने विचारलं.

उत्तरादाखल तिला हसू नका असं सांगण्यात आलं.

सुनेत्रा लांब उभी होती. तिने एकच फोटो काढला. त्यात मधे नथ घातलेली भागीरथी होती. मागे दोन इंजिनियर निळं प्लॅस्टिक अंतरपाटासारखं धरून उभे होते, एक मॅनेजर वाळू झाडत होता, आणि पाटकरसाहेब गुडघ्यांवर बसून रुमालाने माश्या हाकलत होते.

क्लबकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं. हा फोटो भिंतीवर लागावा, एवढं मात्र तिला मनापासून हवं होतं. साहेबांनी पोस्टकार्डाएवढी प्रत हातात घेतली न घेतली तोच परत केली.

"मॅडम, यात निसर्ग कुठाय?"

आणि स्वतःची निगेटिव्ह पुढे केली. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं की बघणाऱ्याची नजर डावीकडून आत शिरते. तेव्हा होडीचं टोक उजवीकडे हवं, निगेटिव्ह उलटी घालून फोटो काढा, असा हुकूम झाला.

"पण साहेब, ती नथ..."

"मॅडम, तुम्ही केमिकल बघा. नजर माझ्यावर सोडा."

सुनेत्राने सोडली. निगेटिव्ह उलटी घातली आणि मोठा, ठसठशीत फोटो काढून दिला. काळा रंग तर असा उतरला होता की तिचं तिलाच बरं वाटलं.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून त्याला सोनेरी पट्टीची फ्रेम करून आणली. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सभासदांच्या घरच्या मंडळींना प्रदर्शन दाखवलं. पुरुष फोटोपुढे हाताची घडी घालून उभे राहिले. कोणाला त्यात लय दिसली, कोणाला त्या कोळणीच्या डोळ्यांत युगायुगांची वेदना दिसली. वेदना नथीच्या चापाची होती, पण ते सांगायला भागीरथीला कोणी बोलावलं नव्हतं.

मग साहेबांच्या पत्नी पद्मजाबाई आल्या.

"अहो, ही माझी नथ. मी कपाट पालथं घातलं हिच्यासाठी. आणि ही बाई उजव्या नाकात घालून बसलीय ती?"

बायकांमध्ये हसू पसरत गेलं. पुरुष फोटोजवळ सरकले, मग आपापल्या बायकोच्या नाकाकडे बघू लागले. या लोकांनी तासभर त्या बाईच्या गालावरचा उजेड मोजला होता. घरात तर वर्षानुवर्षं समोर बसून जेवत होते. नथ कुठल्या बाजूला असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

साहेब सुनेत्राला कोपऱ्यात घेऊन गेले. उद्या पाहुणे येणार, त्याआधी फोटो सुलटा करून हवा, म्हणाले.

"करते," सुनेत्रा म्हणाली. "त्याच्या शेजारी माझा फोटो लागेल. एवढाच मोठा."

"लावा हो, काय हवं ते लावा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले. गर्दी सुनेत्राच्या फोटोपुढे झाली. ती जवळच उभी राहिली. साहेबांना आता तरी लाज वाटेल, निदान कान लाल होतील, अशी तिची अपेक्षा होती. साहेब गर्दीतून वाट काढत आले, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा मीच ना?" त्यांनी मागे गुडघ्यांवर बसलेल्या माणसावर बोट ठेवलं. "अगदी नॅचरल आलोय. मॅडम, केबिनमध्ये लावायला एक मोठी कॉपी द्या बरं का."

सुनेत्राने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सुलटी काढू की उलटी?"

पाटकरसाहेबांनी मान मागे घेतली, एक डोळा बारीक केला आणि ते विचारात पडले.