रविनाची पहिली ड्युटी

जिज्ञासा भोईर अंबरनाथच्या एका नर्सिंग ब्युरोत कोऑर्डिनेटर होती. कुणाच्या घरी पेशंट असला की फोन यायचा, आणि ती चोवीस तासांची किंवा दिवसाची बाई पाठवायची. लोक खूप विचारायचे. वय काय, मटण-मच्छी खाते का, मोबाईलवर बसते का, आडनाव काय. जिज्ञासा सगळ्यांना शांतपणे उत्तरं द्यायची.

त्या सोमवारी रविनाची पहिली ड्युटी होती. रविना बारवी धरणापलीकडच्या एका वाडीवरची. पेशंट सांभाळायचा कोर्स तिने नुकताच पुरा केला होता. उल्हासनगरच्या हरेश मखीजांच्या आईला अर्धांगवायू झाला होता, त्यांच्याकडे तिला राहायला जायचं होतं. ती बॅग घेऊन ऑफिसात आली, आणि तिच्यामागून तिची आई जिवली आली.

"मी आधी घर बघन," जिवली म्हणाली. "मग पोर ठेवीन."

"मावशी, तसं नसतं. ब्युरोची जबाबदारी असते."

"तू बघितलंस काय ते घर?"

जिज्ञासाने बघितलं नव्हतं. चार वर्षांत तिने किती बायका किती घरी पाठवल्या, त्यातली घरं तिने फारशी पाहिलीच नव्हती. पत्ता पाठवला की तिचं काम संपायचं. तिने पर्स उचलली आणि म्हणाली, "चला."

हरेशने दार उघडलं तेव्हा समोर एकीऐवजी तिघी उभ्या होत्या. त्याचा जीन्सचा धंदा होता. उल्हासनगरात जन्मलेला, मराठी सफाईने बोलायचा. त्याने तिघींना बसायला सांगितलं. जिवली बसली नाही.

"माझी पोर कुठं निजल?"

"इथे हॉलमध्ये. सगळे झोपले की गादी टाकायची."

"रातचं इथं कोण येतं-जातं?"

"माझा भाऊ दुकानातून उशिरा येतो. टीव्ही बघत बसतो थोडा वेळ. घरचाच माणूस आहे."

"मग नाय," जिवली म्हणाली. आवाज चढवला नाही, फक्त रविनाच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली.

हरेश जिज्ञासाकडे वळला. "मॅडम, हे काय चाललंय? मी बाई मागितली होती. इंटरव्ह्यू माझाच घेताय तुम्ही."

मखीजा चांगलं गिऱ्हाईक होतं, त्यांच्या ओळखीने आणखी दोन घरं मिळाली होती. पण जिज्ञासाला आपली धाकटी बहीण आठवली. त्या गादीवर ती कशी झोपली असती, हे डोळ्यांसमोर आलं.

"साहेब, आईंच्या खोलीतच रविनाची सोय झाली तर? रात्री आईंना काही लागलं तर ती जवळच असेल."

"तिथे जागा कुठे आहे? माल ठेवलाय."

खरंच, म्हातारीच्या पलंगाला लागून जीन्सचे गठ्ठे छातीइतके रचले होते. खिडकी त्यांच्यामागे गेली होती. रविना न सांगताच आत गेली होती आणि म्हातारीच्या लुळ्या हाताखाली उशी सारत होती. म्हातारीला नीट बोलता येत नव्हतं. तिने चांगल्या हाताने जवळचा गठ्ठा ढकलायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. तिने पुन्हा ढकलला.

"दिवाळीपासून तेच करतेय," हरेश पुटपुटला. मग म्हणाला, "बघू. दुसरे ब्युरोवालेही आहेत."

तिघी जिना उतरल्या. गिऱ्हाईक गेलं, असं जिज्ञासाने मनात धरलं. ऑफिसात काय सांगायचं, याची ती जुळवाजुळव करू लागली. जिवलीला कसलीच घाई नव्हती. "चहा पिऊ," ती म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळली. चहा पिताना तिने जिज्ञासाला लग्न झालंय का, घरी कोण कोण आहे, सगळं विचारून घेतलं.

संध्याकाळी हरेशचा फोन आला. आवाज जरा तुटकच होता. "खोली रिकामी केलीय. माल गोडाऊनला टाकला. आई खिडकीकडे तोंड करून पडलीय, जेवायलाही वळत नाही. उद्या मुलगी पाठवा."

दुसऱ्या दिवशी जिवली पुन्हा आली. तिने पलंगाशेजारची जागा पाहिली, बाथरूमची कडी लावून पाहिली, आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून परत गेली.

रविना तिथे रुळली. जिज्ञासा मात्र आता प्रत्येक फोनवर एक प्रश्न विचारू लागली: "आमची बाई झोपणार कुठे?" काही जण लगेच सांगायचे. काही जण चिडायचे, दोघांनी तर फोनच ठेवला. आधी बायका पाठवलेली घरंही बघायची तिने ठरवलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी ती शहाडला ब्युरोच्याच जनीकडे गेली. जनी तिथे दोन वर्षं एका आजोबांना सांभाळत होती. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपायची.

"तू कधी बोलली का नाहीस?" जिज्ञासाने विचारलं.

जनी हसली. "कुणाला बोलणार, मॅडम?"

जिज्ञासाने तिथेच बसून आजोबांच्या सुनेशी बोलायला सुरुवात केली. सून आधी कावरीबावरी झाली, मग म्हणाली, "आम्ही तसा विचारच केला नव्हता." जनीला त्याच रात्रीपासून आजोबांच्या खोलीत कॉट मिळाली. पुढच्या सुट्टीला जिज्ञासा बदलापूरच्या मांजर्लीत आणखी एक घर बघायला गेली.