पापडाऐवजी पिशव्या

यावलच्या महिला संस्थेत भिकुबाई अगदी सुरुवातीपासून उडदाचे पापड लाटायची. ती शिरपूरकडची. नवऱ्याने लाकडाने तिचा उजवा हात मोडला, तेव्हा ती घर सोडून इथे आली. हात बसला, पण दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. लाटणं मात्र तळव्याने रेटता यायचं. संस्थेतल्या बाकीच्या बायाही अशाच, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. त्यांचं सगळं संस्थेची कार्यकर्ती रोहिणी पाहायची.

गेल्या दिवाळीनंतर पापड पडून राहायला लागले. मशीनचा पापड स्वस्त मिळायचा. जळगावच्या दुकानदारांनी संस्थेचा माल घेणंच बंद केलं. मग अध्यक्ष अभिमननाना धुळ्याहून आले आणि ठरलं की पापड बंद करायचे, केळीच्या खोडाचा धागा काढून पिशव्या विणायच्या. पुण्यातलं एक दुकान त्या घेणार होतं. त्या दुकानाशी बोलणी रोहिणीनेच केली होती.

संस्थेतली तरुण दिपमाला आणि तिच्या वयाच्या पोरी भराभर शिकल्या. भिकुबाईला गाठच मारता येईना. धागा निसटायचा, मग ती तो दातांत धरून बघायची. खोड सोलायच्या यंत्रावर तर दोन्ही हात धड लागत.

रोहिणीने नानांना फोन केला. "नाना, थोडे पापड चालू ठेवू या. भिकुमावशींपुरते."

"घेणार कोण ते?" नाना म्हणाले. "मलाही वाईट वाटतं, रोहिणी. पण एकीसाठी अडून बसलो तर सगळ्याच घरी बसतील."

मग सावद्याच्या एका वसतिगृहात रोहिणीने भिकुबाईसाठी स्वयंपाकाचं काम विचारलं. हाताचं कळल्यावर तिथूनही नकार आला.

भिकुबाई रोज येऊन अंगण झाडायची आणि कोपऱ्यात बसून राहायची. अशातच तिचा दीर चुडामण आला. भावाला, म्हणजे भिकुबाईच्या नवऱ्याला, लकवा झाला होता, त्याचं करायला घरात बाईमाणूस नव्हतं. भिकुबाईने आपली पिशवी भरली.

"मावशी, तुम्ही तिथे जाऊ नका," रोहिणी म्हणाली.

"आठे राहीसन काय करू, ताई? बठ्ठ्या शिकी ग्यात, मीच मांगे राहिनू."

सगळ्या शिकल्या म्हणून काय झालं, तुम्ही इथेच राहा, मी बघते काहीतरी, असं रोहिणीच्या तोंडावर आलं होतं. पण बघणार काय, हे तिलाच ठाऊक नव्हतं. ती स्टँडपर्यंत सोबत गेली. शिरपूरची गाडी लागलेलीच होती. भिकुबाईने डाव्या हाताने दांडा धरला आणि ती चढली.

पुण्याला पिशव्या आवडल्या, आणखी मागणी आली. दिपमालाने सगळ्यांसाठी चहा टाकला. बायका कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसत होत्या. रोहिणी त्यांच्यात बसली, चहा प्याली, मग बाहेर येऊन तिने भिकुबाईला फोन लावला.

फोन चुडामणने उचलला. "ती काममा शे," कामात आहे एवढंच सांगून त्याने फोन ठेवून दिला.