आठ सेकंदांची नजर

"तिची नजर तुम्ही तीन सेकंदांवर तोडलीय. ती पूर्ण आठ सेकंद ठेवा आणि खाली गाणं टाका," एवढं सांगून निर्माते निघून गेले, आणि एडिटिंगच्या खोलीत काकूंनी तो शॉट पुन्हा पडद्यावर लावला. सकाळचे अकरा वाजले होते. पाचला एपिसोड चॅनेलकडे जायचा होता, सातला तो घराघरांत दिसणार होता.

काकू या मालिकेच्या एडिटर. त्यांना सगळेच काकू म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा, आणि त्यावर तक्रार करणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. एसीच्या गारठ्यात शाल पांघरून, दोन पडद्यांसमोर बसून त्यांनी आतापर्यंत दोनशे दहा एपिसोड जोडले होते. मालिका एका गल्लीतल्या दोन पोरांची. एक मुलगा, एक मुलगी, दोघं सोळाची. मिळून सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात, भांडतात, रुसतात, पंक्चर काढतात आणि प्रेमात पडत नाहीत. चॅनेलच्या मॅडमना नेमकं तेच खुपत होतं. त्यांचं म्हणणं, लोक आता कंटाळलेत. मुलगा आणि मुलगी इतके दिवस नुसते मित्र राहतातच कसे? ज्यांना असले प्रश्न पडतात त्यांना आयुष्यात कधी धड मित्र मिळाला नसावा, असं काकूंचं मत. अर्थात ते त्यांनी मनातच ठेवलं. पगार चॅनेलच्या जिवावर होता.

लेखकाने प्रेमाचा सीन लिहायला साफ नकार दिला होता. तेव्हा निर्मात्यांनी ही पळवाट शोधली. नवं काही लिहायला नको, शूट करायला नको. कालच्या सीनमध्ये मुलगी मुलाकडे एकटक बघते, तेवढंच लांबवायचं. उरलेलं काम गाणं करील.

आणि नजर होतीही तशी, भल्याभल्यांना फसवणारी. मुलीचं काम करणाऱ्या पोरीला सेटवर चिंगी म्हणत आणि मुलाचं काम करणाऱ्याला लंबू. चिंगी लंबूकडे अशी बघत होती, की त्याच्यापलीकडे जगात काही नाहीच. पण ती नजर कसली आहे हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. चिंगी त्या वेळी लंबूला त्याचं वाक्य सांगत होती.

लंबू हुशार होता, पण कागद समोर धरला की अक्षरं जागा सोडून पळतात, असं तो सांगे, आणि तेही फक्त चिंगीला. सीनचे कागद सकाळी हातात पडत, दुपारी शूटिंग. मग चिंगी कपडेपटाच्या मागे बसून त्याला सगळं वाचून दाखवी आणि स्वतःच्या वाक्यांबरोबर त्याचीही पाठ करी. शूटिंगमध्ये तो अडला, की ती त्याच्याकडे रोखून बघे आणि आवाज न करता ओठांनी पुढचा शब्द देई. लोक म्हणत, काय सहज बोलतो पोरगा. अकराव्या एपिसोडलाच काकूंच्या हे लक्षात आलं. तेव्हापासून चिंगीचे ओठ हलायच्या आत त्या डोळ्यांत तेल घालून शॉट तोडत. याबद्दल त्या कोणाशी बोलल्या नाहीत, पोरांशीसुद्धा नाही. पहिल्याच महिन्यात वाक्य विसरणाऱ्या एका नटाला निर्मात्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवलं होतं, हे काकूंनी पाहिलं होतं.

आता आठ सेकंद ठेवायचे म्हणजे ओठ दिसणारच. न ठेवावेत तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की लंबू घरी. काकूंनी तो शॉट पुढेमागे करत दोन तास काढले.

दीड वाजता चिंगी आत आली. नजर लांबवून प्रेम दाखवणार, ही बातमी सेटवर पसरली होती. सकाळपासून लंबू तिच्याकडे मान वर करून बघत नव्हता, आणि साधा एक सीन सात वेळा करावा लागला होता. लाइटवाले त्याला जावईबापू म्हणून चिडवत होते.

"काकू, ते दाखवलं तर तो माझ्याकडे बघणं कायमचं बंद करेल," ती म्हणाली. "आणि बघितलं नाही तर..."

"तर त्याला पुढचा शब्द मिळणार नाही," काकूंनी वाक्य पुरं केलं. "मला माहीत आहे गं. ओठ दिसतात तुझे."

कोणाला सांगणार नाही ना, हे तिने तीनदा विचारलं. काकूंनी तीनदा नाही म्हटलं, पण चार वाजता निर्माते एपिसोड बघायला येणार, तेव्हा काय करायचं हे त्यांनाही सुचत नव्हतं.

चारला निर्माते मॅडमना घेऊन आले. मागोमाग चिंगीची आई. ती रोज सेटवर खुर्ची टाकून बसे, आणि प्रेमाची गोष्ट सुरू झाली तर आपल्या लेकीचा फोटो मोठ्या जाहिरातीवर झळकेल म्हणून ती सकाळपासून खुशीत होती. दाराशी चिंगी, आणि तिच्यापासून चांगला चार हात लांब लंबू. काकूंनी शॉट लावला. एक, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला चिंगीचे ओठ हलले.

मॅडम पुढे सरकल्या. "थांबा. काय म्हणतेय ती? पुन्हा लावा." पुन्हा लावल्यावर त्या खुलल्या. "प्रेमाचंच काहीतरी पुटपुटतेय. मनातलं आपोआप ओठांवर आलंय. हेच हवं होतं मला."

काकूंनी चिंगीकडे पाहिलं. खरं काय ते सांगितलं असतं तर ती या प्रेमाच्या भानगडीतून सुटली असती. ती खाली मान घालून उभी राहिली.

"माझं वाक्य म्हणतेय ती," लंबू म्हणाला. "मला वाचता येत नाही नीट. ती सांगते, मग मी बोलतो. पहिल्या दिवसापासून."

निर्मात्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून त्याच्यापुढे धरला आणि वाच म्हणाले. काकूंना त्यांचा इतका संताप आला, की शाल हातात गोळा झाली. लंबूने कागद घेतला आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे चिंगी त्याला दिसणार नाही. दोन ओळी होत्या. तो एकेक अक्षर धरून, मागे येऊन, पुन्हा पुढे जाऊन वाचत राहिला. एका शब्दावर अडला तो अडलाच. चिंगीने ओठ दातांखाली दाबून धरले. शेवटी तो शब्दही त्याने पार केला. दोन ओळींना दीड मिनिट लागलं.

"सोमवारपासून दुसरा मुलगा बघू," निर्माते म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"मग सोमवारपासून मलाही काही आठवणार नाही," चिंगी म्हणाली. "माझंसुद्धा."

मॅडम हसल्या, पण कोणी साथ दिली नाही. निर्माते चिंगीच्या आईकडे वळले. ताई, समजवा तुमच्या मुलीला, करिअरचा प्रश्न आहे तिच्या. आई अजून भिंतीकडे वळलेल्या त्या लांबलचक पोराकडे बघत होती. त्याची मान लाल झाली होती, कागद अजून हातातच होता. जाहिरातीवरचा फोटो तिच्या डोळ्यांसमोरून हलला असेल का, हे तिचं तिलाच माहीत. तिने पर्स खांद्याला लावली.

"पाठ ती करते, साहेब," ती म्हणाली. "मी फक्त तिचा डबा भरते."

निर्मात्यांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला वीस मिनिटं होती, आणि दोन्ही पोरं एकदम बदलायची म्हणजे मालिकाच बंद करायची, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. तो लांबवलेला शॉट काढून टाका, एपिसोड पाठवा, सोमवारचं सोमवारी बघू, असं काकूंना सांगून ते मॅडमच्या मागे बाहेर गेले. चिंगीची आईही गाडी बघायला म्हणून निघाली.

लंबू हलला नाही. चिंगीने त्याच्या पाठीत एक जोरदार बुक्की घातली आणि उद्याचे कागद आलेत का, म्हणून विचारलं. आलेत, तो म्हणाला. मग तो वळला, सकाळपासून पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, आणि दोघं कपडेपटाकडे गेली. काकूंनी शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि एपिसोड पाठवायला घेतला.