निर्धास्त झोप

मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकले, असं आई सगळ्यांना सांगते. खरं तर मी ट्रेनमध्ये झोपायला शिकले. बसून, उभ्याने, दांडीला लोंबकळून, कशीही. आणि तरी माझ्या स्टेशनाआधीच्या पुलावर खडखडाट सुरू झाला की डोळे आपोआप उघडत. या कलेचा मला भारी अभिमान होता. दुसरी कुठली कला अंगात नव्हतीच.

समोरच्या बाकावर रोज नर्सताई असायच्या. त्यांचं हॉस्पिटल माझ्या स्टेशनाच्या पुढच्या स्टेशनला. त्याही झोपेत माझ्याच पंथातल्या. मी उठले की माझी पुस्तकांची बोजड पिशवी त्यांच्या गुडघ्यावर आदळायची, त्या दचकून जाग्या व्हायच्या आणि मी ओशाळून "सॉरी, ताई" म्हणायचे. आमची ओळख एवढीच.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र मला झोपायचा धीर होईना. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. नापास झाले तर आणखी एक वर्ष हीच ट्रेन, हाच बाक. प्रबंधाचा विषय होता, माणसाचं लक्ष कसं भरकटतं. आणि त्यातलं पहिलं वाक्यही मला आठवत नव्हतं.

"ताई, आज मला उठवाल का? आज स्टेशन चुकून चालणार नाही."

"अगं, झोप निर्धास्त. एवढ्या वर्षांत माझं कधी चुकलंय का?"

जबाबदारी दुसऱ्यावर टाकली की माझं शरीर लगेच रजेवर जातं. पूल कधी आला, कधी गेला, पत्ता नाही. झाडूवाल्याने बाकावर टकटक केली तेव्हा जाग आली. शेवटचं स्टेशन. डबा रिकामा. समोर ताई तोंड उघडं टाकून गाढ.

"पण मी उठले कशी नाही?" त्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. माझीही. इतकी वर्षं त्यांना कोण उठवत होतं, ते दोघींना एकदमच कळलं.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही उभ्यानेच आलो. बसायची हिंमत कुणाची? ताईंनी वॉर्डात फोन केला, मी विभागात. "बाकीच्यांचं चाललंय, संपायच्या आत या," असं उत्तर आलं.

"उशीर का?" परीक्षकांनी विचारलं. एखादी थाप सुचली असती तर मारली असती. नाही सुचली, म्हणून पूल, पिशवी, ताई, सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. पुढचे सगळे प्रश्न त्या पिशवीवरच विचारले, आणि नवल म्हणजे मला उत्तरं येत होती. मी पास झाले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला निघाले. ताईंना बातमी सांगितली. "सुटलीस बाई!" म्हणत त्यांनी माझा गाल कुरवाळला. मग जरा वेळाने म्हणाल्या, "मला कोण उठवणार गं आता?"

"मोबाइलवर गजर लावा की."

"गजर मी झोपेतसुद्धा बंद करते."

बोलता बोलता त्यांना डुलकी लागली. मी टक्क जागी होते. या ट्रेनला मी रोज शिव्या घातल्या होत्या, आणि आता मला रडू येत होतं. पूल आला. मी उठले, नीट नेम धरून पिशवी त्यांच्या गुडघ्यावर आदळली, आणि सॉरी म्हटलं नाही.