दहा लाख एकची पत्रिका

श्रीनिवास आगाशे सरांच्या कर्वेनगरच्या घरी दर रविवारी संख्येची पत्रिका मांडली जायची. म्हणजे काय, तर सर फळ्यावर एक भलीमोठी संख्या लिहिणार आणि मुलांनी तिचं सगळं कुळशील काढायचं. सम की विषम, वर्गसंख्या आहे का, कशाकशाने भाग जातो. नव्या मुलाला वर्गात घ्यायचं तेही याच परीक्षेवर. सर निवृत्त झाले होते, त्यांचा तोरा काही झाला नव्हता.

त्या रविवारी आम्रपाली आली, वारज्याची, नववीतली. वडील दशरथ ओव्हाळ, महापालिकेत इंजिनिअर. ते मागे खुर्चीवर बसले. आडनाव ऐकून सर किंचित थबकले होते, पण तेवढंच. त्यांनी फळ्यावर १०,००,००१ लिहिलं.

पोरगी काय तडफेची! विषम, वर्ग नाही, तीनने भाग जात नाही, सातने नाही, अकराने नाही... सर मनातून सुखावले. असं पोर हाताखाली यावं म्हणून तर ते हा वर्ग चालवत होते. बघता बघता ती सत्त्याण्णवपर्यंत पोचली.

"झालं," सर म्हणाले. "शंभरापर्यंत भाग गेला नाही, म्हणजे मूळ संख्या. बस खाली."

"नाही सर, मूळ नाहीये. एकशे एकने भाग जातो."

भर वर्गात सरांना 'नाही' म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यांची जीभ सुटली. "वा! तुमच्याकडे वेगळं गणित असतं वाटतं. आमच्याकडे ते डोक्याने करतात."

दशरथ उठले, मुलीला घेतलं, "येतो सर," म्हणाले आणि निघून गेले.

सरांनी फणकाऱ्यानेच खडू उचलला. ९,९०१ गुणिले १०१. उत्तर आलं दहा लाख एक. अरे देवा! भाग वर्गमुळापर्यंत तपासायचा असतो, म्हणजे शंभराचा नियम दहा हजारापर्यंतच्या संख्यांचा. जन्मभर तेवढ्याच शिकवल्या, आणि तोच नियम इथेही ठोकून दिला. दहा लाखाला हजारापर्यंत जायला हवं होतं.

सर अनवाणीच जिना उतरले. दशरथ स्कूटर काढत होते.

"अहो ओव्हाळ, थांबा! चूक माझी. आम्रपालीचंच बरोबर होतं. तिची जागा पक्की."

"ते तिला माहीतच होतं, सर," दशरथ म्हणाले, आणि सरांनी पुढचं बोलावं म्हणून थांबून राहिले.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि ते दुसरं... मला तसं म्हणायचं नव्हतं हो."

आम्रपाली हेल्मेटचा पट्टा लावत होती. "मग ते आलं कुठून, सर?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

सरांना उत्तर ठाऊक होतं. ते तिच्या तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटली.