पुठ्ठ्याचे घर आणि कललेले झाड

मित्रांनो, मी एका घराचा जुना नमुना आहे, पुठ्ठ्याचा. माझा दिवाणखाना तुमच्या तळहातावर मावेल. खरे घर बांधण्याआधी ते कसे होईल, हे पाहण्यासाठी एका आर्किटेक्ट बाईंनी मला बनवले.

घर हवे होते शिवणकाम करणाऱ्या काकूंना. त्यांच्या मोकळ्या जागेच्या मधोमध मोठे झाड होते आणि ते राहिलेच पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. बाईंनी मला मध्ये अंगण दिले, छताला गोल भोक पाडले आणि झाड म्हणून एक सरळसोट काडी रोवली. काकूंनी माझ्यातल्या आपल्या खोलीत शिवणमशीन म्हणून काडेपेटी ठेवली. मग बाई मला उन्हात ठेवून सावल्या न्याहाळत बसत. सकाळचे ऊन कुठल्या खोलीत शिरते, छतावर ओतलेले पाणी कुठून टाकीकडे जाते, हे पाहण्यात मीही रंगून जाई. त्या पाण्याने माझी एक भिंत कायमची फुगली, पण कौतुकापुढे तिचे काय!

खरे घर उभे राहू लागले. भिंती झाल्या, स्लॅबसाठी फळ्या चढल्या आणि तिथेच घोडे अडले. भोक बरोबर बुंध्याच्या वर होते. झाड मात्र वर जाता जाता काकूंच्या खोलीकडे कलले होते. सगळ्यांनी मापे घेतली होती ती खाली, मुळापाशी. मान वर करून बघायचे कुणाला सुचलेच नव्हते!

“बाई, करवत आणतो,” मिस्त्री म्हणाले. “अर्ध्यातून कापलं की काम मोकळं.”

काकूंचा चेहरा पडला. “अहो, याच्याच सावलीत मशीन मांडून, पै पै जमवून मी ही जागा घेतली. आता यालाच कापू?”

“मग भोक तुमच्या खोलीकडे वाढवावं लागेल आणि खोली लहान होईल, काकू. कापड बेतायचं टेबल मावायचं नाही.”

“नाही मावलं तर नाही. इतकी वर्षं कुठे होतं टेबल? जमिनीवर बसून बेतीन.”

बाईंनी काडी उपटून तिरकी रोवली, कात्री घेतली आणि माझ्या छताचा कोपरा कापून टाकला. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण भोक लांबट झाले आणि उन्हाचा पट्टा थेट काडेपेटीवर येऊन पडला.

“अगंबाई!” दोघी एकदमच म्हणाल्या.

आता मी काकूंच्या कपाटावर असतो. माझ्या स्वयंपाकघरात पालीने अंडी घातली आहेत. धूळ पुसायला कुणी फिरकत नाही, हे मनाला लागते. तरी इथून सगळे दिसते. पाऊस बुंध्यावरून ओघळत अंगणात उतरतो, छतावरचे पाणी टाकीत पडते, आणि बेतायला पसरलेल्या कापडावर मधूनच एखादे पान येऊन बसते.

झाड मात्र आणखी जाड झाले आहे. बुंधा छताच्या कडेला टेकायला आला आहे. काल काकूंचा मुलगा म्हणाला, “आई, आता कापायलाच हवं.”

काकूंनी मशीन थांबवले. “आधी तो नमुना खाली काढ.”

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. झाडाला करवत लावण्याआधी पुठ्ठ्याला कात्री लावून बघा. मी तयार आहे. कापण्याजोगे छत माझ्यापाशी अजून पुष्कळ शिल्लक आहे.